सीओटू मीटर वर्षभर वापरल्यावर: आकडा खरा, पण त्याच्या '४००' वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

वर्षभर वापरून मग लिहितेय, त्यामुळे डबा कसा होता आणि केबल किती लांब होती असला रिव्ह्यू नाही हा, आधीच सांगते. वस्तू म्हणजे घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर, सीओटू मीटर म्हणतात सगळे. तळहाताएवढा चौकोनी डबा, समोर स्क्रीन, त्यावर एक मोठ्ठा आकडा आणि खाली बारीक अक्षरात पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे सीओटूचे किती. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण यातलं चांगलं-वाईट या जातीच्या बऱ्याच मीटरना लागू पडतं, आणि माझी जी मोठी तक्रार आहे ती फक्त या एका कंपनीपुरती नाहीच मुळी. येते त्यावर.

त्याआधी पहिल्या मीटरची गोष्ट, कारण त्यात मी फसले आणि तुम्ही फसू नका. घाईघाईत स्वस्तातला एक मागवला होता. दोन दिवस मजा वाटली, तिसऱ्या दिवशी नवऱ्याने ऑफिसला निघताना डिओ मारला आणि आकडा ६०० वरून थेट ३००० च्या पुढे, अलार्म केकाटायला लागला. फरशी पुसायचं लिक्विड वापरलं तरी तेच, सॅनिटायझर लावलं तरी तेच. मग जरा खोदकाम केल्यावर कळलं की त्यात सीओटूचा सेन्सरच नव्हता! त्यात असतो तो वासांच्या वाफा पकडणारा सेन्सर, आणि खोलीत माणसं असली की वाफाही वाढतात आणि सीओटूही वाढतो असा ढोबळ हिशेब लावून आतला प्रोग्राम सीओटूचा आकडा आपला अंदाजाने छापतो. स्पेसिफिकेशनमध्ये सीओटूच्या आधी एक बारकासा 'ई' असतो तो याचाच, दिसला की बाजूला ठेवायचा. मी परत पाठवला, घेतला त्यांनी परत, पण 'मॅडम प्रॉडक्टमध्ये काहीच डिफेक्ट नाही' हे तीनदा ऐकवून. डिफेक्ट नव्हताच, प्रॉडक्टच नव्हतं.

दुसरा घेतला तो एनडीआयआरवाला. हा शब्द लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल. यात आत एक छोटीशी पोकळी असते, एका टोकाला इन्फ्रारेडचा दिवा, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, मधे खोलीतली हवा. सीओटूचा रेणू ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासची इन्फ्रारेड गिळतो, त्यामुळे हवेत सीओटू जितका जास्त तितका पलीकडे उजेड कमी पोचतो, आणि त्यावरून आकडा. डिओ मारा, अगरबत्ती लावा, फरक पडत नाही (अगरबत्ती स्वतः जळते तेवढा पडतो, पण किरकोळ).

हे वाचताना मला एकदम क्लिक झालं की अरे, हाच तर तो गुण आहे ज्यामुळे पृथ्वी तापते. सीओटू इन्फ्रारेड गिळत नसता तर हा मीटरही चालला नसता आणि हवामानबदलाची ही सगळी चर्चाही झाली नसती. पृथ्वीच्या बाबतीत मुख्य काम करते ती १५ मायक्रोमीटरच्या आसपासची पट्टी, मीटर वापरतो ती वेगळी, पण रेणू तोच आणि खोड तीच. १८५६ मध्ये युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते, तेव्हा सीओटूवालं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि निवायलाही सगळ्यात जास्त वेळ लावला. तीनेक वर्षांनी जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये एका लांब नळीत वायू भरून, एका बाजूने उष्णता सोडून, दुसऱ्या बाजूला किती पोचते ते मोजलं. नायट्रोजन-ऑक्सिजनमधून जवळजवळ सगळी आरपार, पाण्याची वाफ आणि सीओटू मात्र अडवतात. म्हणजे माझ्या टेबलावरचा डबा म्हणजे टिंडलसाहेबांच्या नळीचं बोन्साय आहे, फक्त याला यूएसबीने चार्ज करता येतं.

माझे धाकटे दीर या विषयावर कायम वाद घालायला तयार. ते म्हणाले, "वहिनी, हवेत सीओटू किती तर ०.०४ टक्के, त्यानं काय डोंबल होणार आहे?" मी काही बोलले नाही, मीटर त्यांच्या हातात दिला. म्हटलं भाऊजी, या डब्यातली पोकळी बोटाच्या पेराएवढी, त्यातही तेच ०.०४ टक्के, आणि तेवढ्यानेसुद्धा उजेड किती अडला ते स्क्रीनवर दिसतंय. वर तर कित्येक किलोमीटरचा थर आहे. कोरड्या हवेतले ९९ टक्क्यांहून जास्त वायू इन्फ्रारेडला अडवतच नाहीत, म्हणून जे थोडे अडवतात त्यांना एवढं महत्त्व. ते 'हं' म्हणाले. दिरांचं 'हं' म्हणजे पुढचा मुद्दा शोधतायत.

आता वापराबद्दल. घरात हा मीटर भन्नाट आहे, यात शंका नाही. रात्री दार-खिडकी बंद करून आम्ही तिघं झोपलो तर सकाळी २३००-२४००, खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर ९०० च्या आत. सकाळी डोकं जड असायचं ते बरंच कमी झालं, आता ते सीओटूमुळे होतं की एकूणच कोंदट हवेमुळे ते मी छातीठोक सांगणार नाही, पण आकडा खिडकी उघडायला लावतो आणि खिडकी उघडली की बरं वाटतं, मला तेवढं पुरे. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की दहा मिनिटांत २००० चे ५०० होतात, ते बघत बसायला मुलीला फार आवडतं. चाचणी म्हणून चार कुंड्या आत आणून ठेवल्या होत्या मी, आठवडाभर, काही म्हणजे काही फरक नाही. कुंड्या सुंदर दिसतात एवढ्यासाठी ठेवा.

सगळ्यात जास्त शिकवलं ते स्वयंपाकघराने. मीटर ओट्यापासून जरा लांब ठेवला, खिडकी बंद, गॅसचे दोन बर्नर चालू, पंधरा मिनिटांत ७०० चे १९००. म्हणजे तीन माणसं अख्खी रात्र झोपून जे करतात ते दोन बर्नरनी जवळपास पाव तासात केलं. दुसऱ्या दिवशी तेच काम इंडक्शनवर केलं तर मीटर ढिम्म, माझ्या श्वासाने काय ते थोडं वर गेलं. मी लगेच खूश, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग डोक्यात आलं की बाई, ही वीज येते कुठून? कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे साधारण एक किलो सीओटू, तो निघतो पण कुठल्यातरी दूरच्या चिमणीतून, आणि तिथे माझा मीटर नाही. वीज सगळी कोळशाची असेल तर इंडक्शनमुळे घरात शून्य आणि बाहेर गॅसपेक्षाही जास्त, असा उफराटा हिशेब होतो. तीच वीज पाणी, वारा, सूर्य यातून आली तर घरातही शून्य आणि बाहेरही नगण्य. स्क्रीनवर दोन्ही वेळा आकडा सारखाच. या मीटरची ही पहिली मर्यादा आणि त्याच्या जाहिरातीत ती कुठेही लिहिलेली नाही. उलट खोक्यावर हिरवं पान छापलंय आणि 'कार्बन फूटप्रिंट कमी करा' असं लिहिलंय. कसा कमी करू, मीटरने? हा थर्मामीटर आहे, औषध नाही.

दुसरी मर्यादा मुलीने दाखवली. तिला कळलं की आपण श्वास सोडला की आकडा वाढतो (स्क्रीनजवळ तोंड नेऊन फुंकलं की भसकन वर जातो, उच्छ्वासात सीओटू ४ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ ४०,००० पीपीएम), तर ती एकदम घाबरून म्हणाली, "आई, म्हणजे मी श्वास घेतल्यामुळेपण पृथ्वी तापते?" नाही गं बाळा. तुझ्या श्वासातला कार्बन आला तू जे खातेस त्यातून, ते आलं झाडांतून, आणि झाडांनी तो वर्षा-दोन वर्षांपूर्वी याच हवेतून घेतला होता. घेतला तेवढाच परत केला, हिशेब चुकता. कोळसा, तेल, गॅस यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पुरलेला होता, या हिशेबात नव्हताच, तो आपण उकरून वर आणला आणि जाळला. मीटरला मात्र तिचा श्वास आणि गॅसचा बर्नर दोन्ही सारखेच, रेणूवर नाव लिहिलेलं नसतं.

म्हणजे, मला असं वाटायचं की लिहिलेलं नसतं. खरं तर लिहिलेलं असतं, फक्त वाचायला या डब्यापेक्षा खूप मोठं यंत्र लागतं. जिवंत गोष्टींमध्ये थोडासा कार्बन-१४ असतो, तो किरणोत्सारी, दर ५७०० वर्षांच्या आसपास निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे कोळसा-तेल जाळून निघालेला सीओटू हवेत मिसळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं, आणि १९५० च्या दशकात हान्स सूस यांनी हे झाडांच्या लाकडात पकडलं. शिवाय जाळायला ऑक्सिजन लागतो, तर हवेतला ऑक्सिजनही अगदी थोडा थोडा कमी होतोय, तोही मोजलाय. समुद्रातून नुसता सीओटू बाहेर पडत असता तर ऑक्सिजन असा कमी झाला नसता. 'हे सगळं माणसानेच केलंय कशावरून' असं विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते, की जे जळलं त्याची राख हवेत सापडते.

बरं, आता ती मोठी तक्रार.

मीटर आला तेव्हा मी तो बाल्कनीत ठेवला, आकडा आला ४००. बरोब्बर ४००. पुढच्या आठवड्यात ठेवला, ४०२. मी म्हटलं वा, काय अचूक आहे. मग घरात आजारपण आलं, आठ-दहा दिवस खिडक्या जवळजवळ बंदच होत्या, आणि त्यानंतर एका सकाळी तीन माणसं रात्रभर बंद खोलीत झोपून उठल्यावर मीटर काय दाखवतो, तर जेमतेम १९००. आदल्या महिन्यात त्याच खोलीत २४०० होते. आणि दिवसा, बंद घरात, माणसं असताना, ४३०. हे शक्यच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी सांगितलं मीटर स्वतःला स्वतःच कॅलिब्रेट करतो, काळजी करू नका. मी विचारलं कसा करतो? तर तिकडे माहिती नाही, मॅन्युअल बघा. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होतं: गेल्या काही दिवसांतलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे 'ताजी हवा' असं मीटर धरतो, आणि ताजी हवा म्हणजे ४००.

म्हणजे खिडक्या बंद असलेल्या दिवसांत घरातला सगळ्यात कमी आकडा होता हजाराच्या घरात, तोच या पठ्ठ्याने टप्प्याटप्प्याने '४००' कडे ओढायला घेतला. जिथे माणसं कायम असतात, हवा खेळत नाही, अशा जागी हा मीटर सगळ्यात जास्त खोटं बोलतो, आणि गरज तर तिथेच असते त्याची. उपाय साधा आहे, सेटिंगमध्ये जाऊन ऑटो कॅलिब्रेशन बंद करायचं आणि अधूनमधून बाहेर नेऊन हाताने करायचं. पण हे खोक्यावर का लिहीत नाही कोणी?

आणि त्यातही ४००च का? मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी प्रेमाने म्हणाला, "मॅडम, बाहेरची हवा ४००च असते ना, युनिव्हर्सल आहे ते." त्याची काही चूक नाही, त्याला तसंच शिकवलं असणार. पण नाहीये ते युनिव्हर्सल. होतं, दहा वर्षांपूर्वी.

चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा होता ३१३. (त्यांचं यंत्रही इन्फ्रारेडवालंच होतं बरं का, माझ्या डब्याचे पणजोबा.) मे २०१३ मध्ये तिथल्या एका दिवसाच्या सरासरीने पहिल्यांदा ४०० ओलांडले, २०१६ पासून वर्षाची सरासरी ४०० च्या बरीच वर गेली ती काही परत खाली आली नाही, २०२४ ची सरासरी साधारण ४२५, आणि मे २०२५ ची महिन्याची सरासरी ४३० च्या पुढे. आणि माणसाने कोळशाची इंजिनं चालू करायच्या आधी? २८० च्या आसपास. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून मागचे ८ लाख वर्षांचे आकडे काढलेत, त्या सगळ्या काळात तो ३०० च्या आसपासच्या वर गेलेला नाही, हिमयुगात १८०, मधल्या उबदार काळात २८०-३०० असा झोके खात राहिला. आता बघा, मीटरवाल्यांनी 'ताजी हवा' म्हणून जो आकडा चिपमध्ये कायमचा कोरला, तो चिप विकली जाईपर्यंतच शिळा झाला. आणि मजा म्हणजे ही चूक कोणाला दिसत नाही, कारण मीटरची अचूकताच प्लस-मायनस ५० असते, त्यात २५-३० पीपीएम आरामात लपून जातात.

दिरांचा पुढचा मुद्दा इथे आला. "मौना लोआ तर ज्वालामुखी आहे वहिनी, ज्वालामुखीवर बसून सीओटू मोजतात आणि माणसावर ढकलतात!" मुद्दा ऐकायला झकास आहे हे कबूल. पण विवराकडून वारा आला की आकडे एकदम उड्या मारायला लागतात, ते ओळखून बाजूला काढले जातात, आणि जगात इतर ठिकाणी, अगदी दक्षिण ध्रुवावरसुद्धा, चढती रेघ तीच येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ज्वालामुखी खरंच फुटला, लाव्हाने रस्ता आणि वीज तोडली, मोजणी बंद पडली, तर त्यांनी शेजारच्या मौना केआवर यंत्र लावून काम पुढे चालू ठेवलं. आणि एकूण हिशेब बघायचा तर जगभरचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनाच्याही आतच सीओटू सोडतात, आपण कोळसा-तेल-गॅस-सिमेंट मिळून ३७ अब्ज टनांच्या आसपास. शंभरास एक असा काहीतरी भाव पडतो.

हा ३७ चा आकडा मी वहीवर मांडून बघितला, कारण मीटर हातात असला की पीपीएमचं वेडच लागतं. हवेतला १ पीपीएम म्हणजे साधारण ७.८ अब्ज टन सीओटू. ३७ मध्ये जंगलतोड वगैरेचे ४ अब्ज धरले तर ४१, भागिले ७.८, म्हणजे वर्षाला ५ पीपीएमच्या वर वाढायला हवं. प्रत्यक्षात वाढतंय अडीच-तीन. उरलेलं समुद्र आणि झाडं-माती पिऊन टाकतात, जवळजवळ निम्मं. म्हणजे आपण जेवढं टाकतो त्याच्या निम्मंच दिसतंय आणि तरी हे असं. आणि गणित उलटं लावलं तर? निसर्गातून सीओटू येतोय म्हणून वाढतंय असं म्हणायचं, तर आपले ५ पीपीएम गेले कुठे? मी हे दिरांना वहीसकट पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

३७ मध्ये कोळसा सगळ्यात मोठा, ४० टक्क्यांच्या आसपास, मग तेल साधारण तिसरा हिस्सा, मग गॅस पाचवा हिस्सा. ते सगळ्यांना माहीत असतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो सीओटू निघतो हे सांगितलं की लोक म्हणतात पेट्रोलचंच वजन पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो कसं निघेल? अहो, कार्बन पेट्रोलचा, ऑक्सिजन हवेतला, १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम सीओटू होतो, टाकीतलं वजन आणि धुराचं वजन म्हणून जुळत नाही.

मला खरा धक्का बसला तो सिमेंटचा. मला वाटायचं सिमेंटचा सीओटू म्हणजे भट्टीला जाळायला जो कोळसा लागतो त्याचा. तो तर आहेच, भट्टी १४५० अंशांच्या आसपास तापवावी लागते, पण तो कोळशाच्या खात्यात जातो. त्याशिवाय खुद्द दगडातूनच निघतो! चुनखडी भाजली की तिचा चुना होतो आणि सीओटू उडून जातो, शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो चुना आणि ४४ किलो सीओटू. भट्टी उद्या सौरऊर्जेवर तापवली तरी हे ४४ किलो निघणारच, कारण ते जळण नाही, ती रासायनिक क्रियाच तशी आहे. नुसत्या या दगडातून निघालेल्या वायूचा वाटा ३७ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास. मी ज्या भिंतीवर मीटर टांगला होता त्या भिंतीकडे नंतर बराच वेळ बघत बसले होते. मीटर त्या भिंतीचं काहीच सांगत नव्हता, अर्थातच, तिचा सीओटू कधीचाच भट्टीपाशी निघून गेला होता.

एक प्रयोग मात्र हा मीटर फार छान दाखवतो, विकत घेतला तर नक्की करा. बंद खोलीत तिघं बसा, आकडा चढू द्या. मग एकाने हळूच बाहेर जायचं, दार लगेच लावायचं. आकडा काय होतो? मुलगी म्हणाली कमी होईल. नाही झाला. चढतच राहिला, फक्त जरा सावकाश. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे जगाचं उत्सर्जन ५ टक्क्यांच्या आसपास कमी झालं, तेव्हा लोक म्हणत होते की आता हवा सुधारणार, आणि मौना लोआची रेघ त्या वर्षीही वर गेली, ती याचमुळे. तिघांतला एक पूर्ण गेला तरी आकडा खाली येत नाही, तिथे तर विसातला एकच गेला होता. आमच्या खोलीत निदान दहा मिनिटांत खिडकी उघडून मोकळं होता येतं. वर गेलेल्या सीओटूतला काही भाग हजारो वर्षं तिथेच राहतो.

आणि जे या मीटरला दिसतच नाही त्याबद्दल दोन ओळी, कारण खोक्यावर 'ग्रीनहाउस गॅस मॉनिटर' असंही लिहिलंय. फक्त सीओटू, बाकी काही नाही. मिथेन दिसत नाही, जो गुराढोरांच्या पोटातून, भातखाचरांतून, कचऱ्याच्या डोंगरांतून, कोळशाच्या खाणींतून आणि गॅसच्या गळक्या पाइपांतून येतो, हवेत बाराएक वर्षंच टिकतो पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तरी वजनाला वजन सीओटूच्या २८-३० पट तापवतो. नायट्रस ऑक्साइड दिसत नाही, तो मुख्यतः नायट्रोजनच्या खतांतून. फ्रीज-एसीतले काही वायू तर सीओटूच्या हजारो पट. एसीचा गॅस गळून गेला तर मीटर शांतपणे ६५० दाखवत बसेल. 'ग्रीनहाउस गॅस मॉनिटर' हे नाव म्हणजे एक खिडकी दिसली की बंगला बघितला म्हणण्यासारखं आहे.

बाकी बारीकसारीक. बॅटरी तीन-चार दिवस टिकते, पण रीडिंग दर मिनिटाला ठेवलं तर, दर पाच सेकंदाला ठेवलं तर संध्याकाळपर्यंत संपते. उंचावर राहत असाल तर अ‍ॅपमध्ये उंची टाकायला विसरू नका, हवेचा दाब कमी असतो तिथे, त्यामुळे पोकळीत रेणूच कमी मावतात आणि मीटर कमी आकडा दाखवतो. अ‍ॅप भंगार आहे, ग्राफ सात दिवसांचाच, त्यामागचं हवं असेल तर सबस्क्रिप्शन घ्या म्हणतो, माझ्याच खोलीची हवा मलाच विकतायत. कॅलिब्रेशन करायचं तर भर दुपारी, वारा असताना, रस्त्यापासून लांब करा. पहाटे करू नका, रात्रभर झाडं-माती पण सीओटू सोडतात आणि वारा नसला की तो खालीच साचतो, बाहेरही ४५०-५०० सहज दिसतात.

सुदैवाने या मीटरमध्ये हाताने कॅलिब्रेशन करताना आकडा आपल्याला टाकता येतो. मी घेतल्यावर काही दिवसांनी ४२५ टाकला होता आणि मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर लिहून ठेवला, विसरायला नको म्हणून. या वर्षी परत केलं तेव्हा मुलीने ४२५ वर काट मारून ४२७ लिहिलं. पेन्सिलीने लिहिलंय, मी सांगितलं नव्हतं.

घ्यावा का? बंद खोलीत बसणाऱ्या-झोपणाऱ्यांनी जरूर घ्यावा, एनडीआयआर बघून घ्यावा, आल्या आल्या ऑटो कॅलिब्रेशन बंद करावं. 'पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय' म्हणून घेत असाल तर घेऊ नका, त्यापेक्षा विजेचं बिल आणि गाडीचा किलोमीटरचा काटा नीट वाचा, त्यात या डब्यापेक्षा जास्त माहिती आहे. पाचपैकी चार तारे. एक कापला तो ४०० साठी. हिरव्या पानासाठी अर्धा अजून कापणार होते, पण इथे अर्धा तारा देता येत नाही.

आणि सध्या मीटर माझ्याकडे नाहीये, दीर घेऊन गेलेत, 'दोन दिवस ऑफिसला ठेवून बघतो' म्हणून, त्याला महिना होईल आता. परवा मेसेज आला, फक्त फोटो, खाली एक ओळ: "मीटिंग रूम, माणसं नऊ, २३४०. वहिनी ही खिडकी उघडतच नाही हो."